मी बसवलेला सेल्फ

संपादकांनी सांगितलं, धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा. चाळीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं केली, त्यामुळे गमती पुष्कळ आहेत. त्यातल्या एक-दोन लिहितोही. पण या धंद्याबद्दल लिहायला बसलो की एकच गाडी आधी डोळ्यासमोर येते, आणि तिच्यात गंमत काही नाही.

माझं दुकान सोलापुरात शुक्रवार पेठेत होतं. आत एक गाडीसुद्धा मावायची नाही. गाडी बाहेर गल्लीत उभी करायची, सेल्फ उतरवायचा आणि आत टेबलावर आणून खोलायचा. घरात आम्ही तेलुगू बोलणारे. वडील मागावर चादरी विणायचे. मी सूत सोडून तांब्याची तार गुंडाळायला लागलो, तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. नंतर एकदा दुकानात येऊन त्यांनी मी भरलेलं आर्मेचर हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "वीण घट्ट आहे." मला कुणाकडून मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच.

सेल्फ म्हणजे काय, हे गाडी चालवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला झटका देणारी ती एक छोटी, पण फार ताकदीची मोटर. तिचं काम सेकंदाभराचं, पण तेवढ्यात ती बॅटरीतून इतका करंट ओढते की बाकी सगळ्या गाडीला मिळून तेवढा लागत नाही. तिच्या आत आर्मेचर, म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेला गाभा, फिरतं. त्याला करंट पोचवायला कार्बनचे चौकोनी तुकडे घासत असतात. आर्मेचरची टोकं पितळी बुशमध्ये, म्हणजे नळीसारख्या कड्यात, किंवा बेअरिंगमध्ये बसतात. कार्बन झिजले, बुश सैल झाले, की सेल्फ संपला. जुन्या जीपवाल्यांना हे माहीत असायचं. सेल्फ घेतला नाही की ते खाली वाकून पान्याने त्याला दोन टोले द्यायचे. अडकलेले कार्बन हलायचे आणि गाडी चालू व्हायची. आठ-दहा टोल्यांनी सेल्फ ऐकेना झाला की मग माझ्याकडे.

तेव्हा गाडी दिवसातून चार-पाच वेळा चालू करायची. आता आपोआप बंद होणाऱ्या गाड्या आल्या. सिग्नलला थांबलं की इंजिन बंद, निघायचं म्हटलं की पुन्हा चालू. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो. पण गर्दीच्या रस्त्यावरून एकदा बाजारात जाऊन यायचं, तर सेल्फला जुन्या गाडीच्या आठवड्याचं काम पडतं. म्हणून कंपन्या या गाड्यांना वेगळा सेल्फ देतात. कार्बन जास्त टणक, बुशच्या जागी बेअरिंग, बॅटरीही वेगळ्या जातीची. वरून बघितलं तर फरक कळत नाही. खोलल्यावर कळतो.

या गाड्या नव्या आल्या तेव्हा चादरींचे एक व्यापारी आपली कोरी गाडी दोन हमालांकडून ढकलत माझ्या दुकानापर्यंत घेऊन आले. घामाघूम झाले होते. म्हणाले, "सिग्नलला बंद पडली. जुनी गाडी रंग मारून गळ्यात मारली मला." मी आत बसलो, क्लच दाबला आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली. मग त्यांना समजावून सांगितलं की ती बंद पडली नव्हती, मुद्दाम बंद झाली होती. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "पण बंद व्हायला तिला सांगितलं कुणी?"

दुसरे एक बँकेतले साहेब उलट तक्रार घेऊन आले. त्यांची गाडी सिग्नलला बंद व्हायची थांबली होती. सोय बिघडली म्हणून ते चिडले होते. बॅटरी कमजोर झाली की गाडीच ठरवते, आता बंद झालो तर पुन्हा उठणार नाही, म्हणून ती बंदच होत नाही. मी म्हटलं, "साहेब, गाडी तब्येतीला जपतीय." पण बॅटरीचं गाडीला कळतं. सेल्फच्या आत काय झिजलंय, ते तिला कळत नाही. ते खोलणाऱ्यालाच कळतं.

वाघमारे सर सोलापूरपासून तासाभरावरच्या मोडनिंबचे. हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोच्या, शकुंतलाबाईंच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी त्यांना सोलापूरला यावं लागायचं. सुरुवातीला एसटीने यायचे. मग पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा एकुलता मुलगा प्रशांत, त्याने वडिलांना गाडी घेऊन दिली. सरांचे गुडघे दुखायचे म्हणून मुद्दाम क्लच नसलेली, आपोआप गियर बदलणारी घेतली. ब्रेकवर पाय ठेवून थांबलं की ती बंद व्हायची, पाय उचलला की चालू.

डिसेंबरच्या अखेरीस एका मंगळवारी ते दोघं माझ्याकडे आले. डायलिसिस आटोपून परत निघाले होते आणि गाडी चालू व्हायला तीन-तीनदा स्टार्टचं बटण दाबावं लागत होतं. शकुंतलाबाई दुकानातल्या बाकावर बसल्या. दंडाला पट्टी होती. मी चहा मागवला तर म्हणाल्या, "मला नगं. दिसाला एवढुसं पानी सांगितलंय डाक्टरनं, त्यात च्या पण मोजत्यात." मग गाडीकडे बघून म्हणाल्या, "ही मधीच गप हुती बगा. लई दमती. माज्यावानीच हाय."

मी सेल्फ खोलला. कार्बन संपत आले होते आणि एका बाजूचं बेअरिंग गेलं होतं. त्या गाडीचा सेल्फ सोलापुरात कुणाकडे नव्हता, सुटे भागही नव्हते. मागवायचा म्हणजे आठ-दहा दिवस. सर म्हणाले, "परवा गुरुवार आहे, मिस्त्री. हिला आणावंच लागतं."

मी म्हटलं, "आज संध्याकाळपर्यंत तात्पुरता करून देतो. कंपनीचा नंतर मागवू."

आणि दिला. दुसऱ्या गाडीचे साधे कार्बन घासून त्या मापाचे केले. बेअरिंगच्या जागी पितळी बुश कातून घेऊन बसवला. सेल्फ पहिल्या झटक्यात घ्यायला लागला. सरांना मी डॅशबोर्डवरचं एक बटण दाखवलं. ते दाबलं की आपोआप बंद व्हायचा प्रकार थांबतो. "सेल्फवर ताण नको," मी म्हटलं, "गाडी चालू केली की हे बटण दाबायचं. दरवेळी. कारण गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ते आपलं आपण पहिल्यासारखं होतं." सरांनी खिशातल्या वहीत ते लिहून घेतलं.

इथपर्यंत माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. अडलेल्या माणसाला आठ-दहा दिवस निभावून नेणारं काम मी करून दिलं होतं. चूक पुढे झाली.

दहा-बारा दिवसांनी सरांचा फोन आला. "मिस्त्री, तो कंपनीचा सेल्फ मागवायचा का? तुम्ही म्हणाला होता."

मी विचारलं, "गाडी कशी चाललीय?"

"एकदम छान."

"मग कशाला मागवताय? माझं काम आहे ते. वर्षभर हात लावायला लागणार नाही."

हे वाक्य मी का बोललो, याचा मी खूप विचार केला आहे. पैशाचा संबंध नव्हता. नवा सेल्फ मागवला असता तर उलट मला चार पैसे सुटले असते. मला फक्त ते म्हणायचं होतं. कंपनीने वेगळा कार्बन, वेगळं बेअरिंग घालून जे केलं, ते मी शुक्रवार पेठेत एका टेबलावर संध्याकाळपर्यंत केलं, हे मला आवडलं होतं. आणि सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते गणिताचे शिक्षक होते, पण सेल्फच्या बाबतीत माझाच शब्द शेवटचा.

मे महिन्यात प्रशांत सुट्टी काढून गावी आला. तो शनिवारी पोचणार होता. शकुंतलाबाईंनी त्या दिवशी डायलिसिसला जायचं नाकारलं. पोरगा सहा महिन्यांनी घरी येतोय आणि आपण सुई टोचून घेऊन पडून राहायचं, हे त्यांना नको होतं. "एका बारीनं काय हुतंय, मंगळवारी जाऊ की," असं त्या म्हणाल्या. सरांनी फार आग्रह केला नाही. त्यांनी हे मला नंतर स्वतः सांगितलं.

सोमवारी दुपारी शकुंतलाबाईंना श्वास घेता येईना. अंगात पाणी साचलं होतं. प्रशांतने गाडी काढली. सरांनी त्याला निघताना सांगितलं, ते बटण दाब. त्याने दाबलं. गावाबाहेर पडताच पेट्रोल भरायला त्याने पंपावर गाडी बंद केली आणि पुन्हा चालू केली. बटण पुन्हा दाबायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सर मागच्या सीटवर बायकोला धरून बसले होते. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

सोलापुरात शिरताना रस्त्याचं काम चालू होतं. एकाच बाजूने वाहनं सोडत होते. पुढे ट्रक, मागे एसटी, दुपारचं ऊन. प्रशांतने ब्रेक दाबला, गाडी थांबली, इंजिन बंद झालं. रांग पुढे सरकली, त्याने पाय उचलला, आणि सेल्फने घेतलं नाही. नुसतं कट् असं वाजलं. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. लोक उतरून आले, ढकलायला लागले. पण तसली गाडी ढकलून चालू होत नाही. एसीही बंद पडला. त्या रांगेतून शकुंतलाबाईंना उचलून पलीकडे नेईपर्यंत, तिथून रिक्षा मिळून दवाखान्यापर्यंत पोचेपर्यंत पाऊण तास गेला. दारात स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. तासाभरात त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी सरांचे शेजारी, ज्यांचं मोडनिंबला खताचं दुकान आहे, ती गाडी टेम्पोवर चढवून माझ्याकडे घेऊन आले. त्यांनीच मला हे सगळं सांगितलं. जाताना म्हणाले, "पोरानं बटण दाबलं न्हाय म्हणत्यात. नशीब, दुसरं काय."

ते गेल्यावर मी सेल्फ उतरवला. शटर अर्धं खाली ओढलं आणि टेबलावर खोलला. पितळी बुश एका बाजूने खाल्ला गेला होता. त्यामुळे आर्मेचर तिरकं होऊन आतल्या बाजूला घासत होतं. इंजिन गार असताना जमून जायचं. तापलं, पत्रा फुगला, की ते धरून बसायचं. कार्बनचा नुसता काळा भुगा झाला होता. चार महिने. वर्षभर हात लावायला लागणार नाही, असं मी म्हणालो होतो.

मला कुणी काही विचारलं नाही. मी ते सगळं एका पिशवीत भरून माळ्यावर टाकलं. कंपनीचा सेल्फ मागवला, बसवला आणि शेजाऱ्यांना फोन केला.

गाडी न्यायला सर स्वतः आले. जूनचा महिना होता. ते खूप वाळले होते. गाडी विकायची म्हणत होते. मी त्यांना बसायला सांगितलं. ते त्याच बाकावर बसले आणि आपणहून बोलायला लागले.

"प्रशांत येत नाही आता. दिवस झाले आणि गेला तो गेलाच. फोन उचलत नाही."

मी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

"मी त्याला बोललो, मिस्त्री. दवाखान्यात, सगळ्यांसमोर. तू मारलंस आईला म्हणालो. एक बटण दाबायचं होतं तुला, म्हणालो." मग ते म्हणाले, "चुकलं का माझं? बटण दाबायलाच पाहिजे होतं ना?"

पिशवी आमच्या दोघांच्या डोक्यावर माळ्यावर होती. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. त्यांनी सरळ विचारलं होतं आणि उत्तर एका वाक्याचं होतं. मी म्हणालो, "व्हय सर. दाबायलाच पाहिजे होतं."

ते मान हलवून उठले आणि गाडी घेऊन गेले.

मी आयुष्यात खोटं बोललो नाही असं नाही. धंद्यात सगळेच बोलतात; उद्या देतो म्हणतो आणि परवा देतो. पण हे तसं नव्हतं. नंतर माझी कामं बिघडायला लागली. सेल्फ बसवला की तो पुन्हा उतरवून बघावासा वाटायचा. एका टॅक्सीवाल्याची गाडी मी एका दिवसात तीनदा खोलली, शेवटी तो वैतागून दुसरीकडे गेला. बायकोने विचारलं तर तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. दिवाळीच्या आठवडाभर आधी मी पिशवी माळ्यावरून काढली, एसटीत बसलो आणि मोडनिंबला गेलो.

सर ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. पाणी आणून दिलं. मी पाणी प्यालो, पिशवी उघडली आणि बुश त्यांच्या हातात दिला. तो कुठे बसतो, कसा झिजला, कार्बन कसे होते, सगळं सांगितलं. फोनवर मी काय म्हणालो होतो तेही सांगितलं. ते त्यांना आठवत होतं.

त्यांनी बुश बोटात धरून उजेडात फिरवला. मग वर्गात विचारावं तसं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "म्हणजे सेल्फ चांगला असता, तर बटण न दाबताही गाडी चालू झाली असती?"

"झाली असती. ती गाडी तशीच बनवलेली असते."

"नक्की?"

"नक्की, सर."

"आणि जूनमध्ये मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"माहीत होतं."

ते उठले. आत जाऊन मोबाईल घेऊन आले, नंबर लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. मग मला म्हणाले, "तुमच्या फोनवरून लावा. माझं नाव बघून तो घेत नाही."

मी लावला. त्याने उचलला. मी कोण ते सांगितलं आणि मघाशी सरांना जे सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं. मला वाटलं, फोन कट झाला. मग त्याचा आवाज आला.

"हे बाबांना माहितीय?"

"समोरच बसलेत."

"द्या त्यांना."

मी फोन सरांच्या हातात दिला. त्यांनी कानाला लावला. पलीकडून काहीतरी ऐकू येत होतं, शब्द मला कळले नाहीत. शेवटी सर एवढंच म्हणाले, "जेवलास का?"

मी उठून अंगणात गेलो. ते किती वेळ बोलले मला माहीत नाही, फार वेळ नसावेत. पुढे प्रशांत घरी आला का, हेही मला ठाऊक नाही. विचारायला मला तोंड नव्हतं.

सर बाहेर आले, फोन मला परत दिला. एखाद्या पाहुण्याला सोडायला यावं तसे माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. एसटी कुठे थांबते ते हात करून दाखवलं. मी नमस्कार केला. मला काहीतरी म्हणायचं होतं, माफ करा असं काहीतरी. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण मी तोंड उघडायच्या आधीच ते बोलले. आवाज अगदी साधा होता, राग नव्हता त्यात.

"तुम्ही आलात ते बरं केलंत, मिस्त्री," ते म्हणाले. "आता परत येऊ नका."

मी गेलो नाही.